नवं कापड फाडून परत शिवायचं कशाला?

ऐरोलीहून एका ताईंचं पत्र आलंय, नाव देत नाही. वय ४९, नोकरी चालू, मुलगा शिकायला बाहेरगावी. तीन वर्षांपूर्वी व्हिडिओ बघून क्विल्टिंग, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून थरांचं पांघरूण शिवणं, शिकल्या, वेडच लागलं, नवं मशीन घेतलं, बाळाची दोन दुपटी आणि काही उशांचे अभ्रे झाले. मग डबल बेडची मोठी क्विल्ट काढली. ती अर्धी असताना मैत्रिणींबरोबर एका क्विल्टच्या प्रदर्शनाला गेल्या, तिथलं काम बघून डोळे दिपले, आणि एका अनुभवी बाईंना मोबाइलवर स्वतःच्या क्विल्टचा फोटो दाखवला तर त्या एवढंच म्हणाल्या, "कोपरे जुळत नाहीयेत." तेव्हापासून मशीनवरचं कव्हर निघालेलं नाही. कापडखरेदी मात्र चालूच, कपाटाचे दोन कप्पे भरलेत. सासूबाई ७८ वर्षांच्या, सातारा भागातल्या, जन्मभर हाताने वाकळा शिवलेल्या. त्या एकदा ते कपाट बघून म्हणाल्या, "नवं कापाड फाडायचं आन् परत जोडायचं, ह्ये कसलं खूळ?" नवरा म्हणतो शिवून विक तरी, नाहीतर बंद कर. आता मैत्रिणी चेन्नईला प्रदर्शन बघायला निघाल्यात, खर्च १८-२० हजार. ताई विचारतायत, जाऊ का, की हा नादच सोडून मशीन विकून टाकू?

ताई, मशीन विकू नका. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. कोपऱ्यांचं तुम्ही दोन ओळींत उरकलंय, नवऱ्याचं एका ओळीत, आणि सासूबाईंच्या त्या एका वाक्यावर अख्खं पान लिहिलंय. कुठे लागलंय ते दिसतंच की. तुम्ही ते वाक्य टोमणा म्हणून घेतलंत. असेलही, आवाज तुम्ही ऐकलाय, मी नाही. पण मला वाचताना असं वाटलं की एका शिवणाऱ्या बाईने दुसऱ्या शिवणाऱ्या बाईला एक प्रश्न विचारलाय आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलंच नाही.

त्यांच्या बाजूने बघा ना जरा. त्यांच्या आयुष्यात लुगडं आधी सणाला, मग रोजच्याला, मधे विरलं की दंड घालून परत नेसायचं, अगदीच गेलं की त्यातून पोराचं झबलं, आणि मग उरलंसुरलं वाकळेत. वाकळेतनंही सुटलं की पोतेरं. कापडाचा हा प्रवास त्यांनी पन्नास-साठ वर्षं स्वतःच्या हाताने चालवलाय, आणि त्यात कात्री नव्या कापडाला कधी लागतच नाही. अशा बाईला कोऱ्या कापडाचे सहा-सहा इंचाचे तुकडे दिसले तर ती विचारणारच ना की हे काय चाललंय. माझ्या आजीनेही हेच विचारलं असतं. तिची एक वाकळ माझ्याकडे अजून आहे, त्यात आजोबांचं धोतर आहे, आत्याच्या परकराचा तुकडा आहे, आणि एक जांभळा चौकोन आहे तो कुणाचा ते सांगणारं आता कोणी उरलेलं नाही.

तर उत्तर काय द्यायचं? माझं उत्तर असं आहे की तुम्ही थंडी वाजते म्हणून शिवत नाही आहात. ऐरोलीत थंडी असते किती दिवस! तुम्ही रंगाशेजारी रंग ठेवून बघायला शिवता. दारातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते आणि सकाळी बाई परत काढते, तिला कोणी विचारत नाही की कालची चांगली होती तर आज परत कशाला. हातांना आणि डोळ्यांना असं काहीतरी लागतं आणि ते लागणं खरं असतं, त्यातून पांघरूण मिळालं तर चांगलंच. हे सासूबाईंना असंच्या असं सांगा, त्यांनाही रांगोळी माहीत आहे.

पण त्यांचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे आणि ते मी लपवणार नाही. ते दोन कप्पे. वर्षभर एक टाका न घालता तुम्ही कापड घेत राहिलात, ताई, तो क्विल्टिंगचा छंद नाही, तो कापड घेण्याचा छंद आहे, दोन्ही वेगळे आहेत. मला कळतं ते कसं होतं, दुकानात ब्लॉकप्रिंटचा कटपीस हातात घेतला की त्या पाच मिनिटांत मनातल्या मनात अख्खी क्विल्ट शिवून होते, एकही कोपरा चुकत नाही. घरी आल्यावर ते कापड घडी मोडून कापायची भीती वाटते कारण आता ते बिघडू शकतं. भीती वाढली की खरेदी वाढते. तेव्हा सहा महिने कापड बंद. दोरा आणा, सुया आणा, गोटाला, म्हणजे कडेने लावायच्या काठाला, पट्टी कमी पडली तर तेवढी आणा, बाकी जे कपाटात आहे त्यातूनच. नवऱ्याच्या तक्रारीवर याच्याइतकं चांगलं उत्तर नाही, कारण तो शिवण्यावर चिडलेला नाहीये, न उघडलेल्या पिशव्यांवर चिडलाय.

आता कोपरे. त्या बाई खोटं बोलल्या नाहीत, जुळत नसतीलच. पण कोपरे जुळणं हे हाताचं कौशल्य आहे आणि ते शिकता येतं. आधी एक परीक्षा करा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, पाव इंच शिवण धरून एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मोजा, बरोबर साडेतीन इंच भरायला हवं. सव्वातीन भरलं तर तुमची शिवण जाड जातेय. असा प्रत्येक जोडाला दोरा-दोरा फरक पडत गेला की डबल बेडच्या क्विल्टमध्ये इंच-दीड इंच सहज गायब होतो आणि मग कोपरे कसे जुळणार! दुसरी गोष्ट इस्त्रीची. एका ओळीतल्या सगळ्या शिवणी डावीकडे दाबायच्या, पुढच्या ओळीतल्या सगळ्या उजवीकडे. मग दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की शिवणींचे उंचवटे एकमेकांत अडकून बसतात, बोटाला कळतं. तिथे टाचणी लावायची आणि शिवायचं. आणि तुकडे कापताना कापडाचा उभा-आडवा धागा बघायचा, उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, गेलेला तुकडा मशीनखाली ताणला जातो, मग कितीही मोजलंत तरी तो दगा देणार. बहुतेक नवशिक्यांचे कोपरे या तीन गोष्टींतच चुकतात.

आणि एवढं सगळं करूनही माझं मत असं आहे की कोपरा म्हणजे क्विल्ट नव्हे. ज्या प्रदर्शनांत स्पर्धा असते तिथे परीक्षक कोपरे बघतात, कडा सरळ आहेत का बघतात, गोट आतून भरलेला आहे का पोकळ आहे ते चिमटीत धरून बघतात, ते त्यांचं कामच आहे. पण अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची छोटीशी वस्ती आहे, तिथल्या काळ्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या शेतातल्या कामाचे फाटके कपडे, जीनच्या विजारींचे पाय, जे मिळेल ते जोडून पांघरुणं केली. रेघा वाकड्या, चौकोन कलते, गुडघ्याला घासून फिका पडलेला निळा तसाच ठेवलेला. तीच पांघरुणं २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागली, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात, आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. त्यांचे फोटो तुम्ही जरूर बघा आणि एक काम करा, एखाद्या फोटोतली वाकडी रेघ मनात सरळ करून बघा. सगळा जीव निघून जातो त्यातला.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्या शेजारी कर्नाटकात, यल्लापूर-हल्याळकडे, सिद्दी लोक राहतात, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, कडेपासून सुरुवात करून आत आत मध्यापर्यंत धावदोरा घालत जातात, तुकडे आधी कापून जोडत नाहीत, शिवता शिवता वरून बसवत जातात. शेवटी चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी टोकं लावतात, त्यांना फूल म्हणतात. फूल नसेल तर कवंदी उघडीनागडी वाटते म्हणे. म्हणजे कोपऱ्याला मान त्यांच्याकडेही आहेच, फक्त तो जुळण्याचा नाही, सजण्याचा आहे.

तुम्ही प्रदर्शनाला परीक्षेला बसायला गेल्यासारखं गेलात, मला वाटतं खरी गडबड तिथे झाली. एका हॉलमध्ये शंभरएक क्विल्टी टांगलेल्या, प्रत्येकीमागे कुणाचीतरी दोन-दोन वर्षं, त्यातल्या कितीतरी जणी वीस-पंचवीस वर्षं हेच करतायत, आणि तुम्ही तीन वर्षांच्या अनुभवावर, मोबाइलच्या फोटोवर, अर्ध्या कामाचा निकाल मागितलात. अर्ध्या पोळीला कोणी फुगली नाही म्हणतं का! ती तव्यावर तरी जाऊ दे.

प्रदर्शन कसं बघायचं ते सांगते, ठाण्याच्या अजून दोघींनीही मला हेच विचारलं होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी दोन तासांत सगळं बघितलं, दोनशे फोटो काढले, आणि घरी आल्यावर एकही क्विल्ट डोळ्यासमोर उभी राहीना. पुढच्या वेळी ठरवून पाचच बघितल्या. आधी दहा फूट लांब उभं राहायचं, तिथून फक्त रंग आणि गडद-फिकं दिसतं, कापडाचं प्रिंट दिसत नाही. मग एकदम जवळ जायचं, नाक लावण्याइतकं, पण हात मागे बांधून, कारण बोटांचं तेल कापडाला लागतं आणि डाग नंतर वर येतो. मोठ्या प्रदर्शनांत पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक असतात, त्यांना विनंती केली की ते कड उचलून मागची बाजू दाखवतात. पाठ बघाच. टाके किती अंतरावर आहेत, दोरा कुठे संपवलाय, चुण्या कुठे पडल्यात, पुढून जी बाई अगदी निर्धास्त वाटते तिने मागे कुठे कुठे सांभाळून घेतलंय ते सगळं पाठीवर दिसतं. आणि करणारी बाई तिथे उभी असेल तर किती दिवस लागले हे विचारू नका, सगळे तेच विचारतात, तिला विचारा उसवलं कुठे. बघा कशी खुलून बोलते. फोटोंपेक्षा वहीत चार ओळी लिहा, कुठले दोन रंग शेजारी होते, आपल्याला काय करून बघावंसं वाटलं. बास.

आता तुमच्या घराबद्दल. तुम्ही तिकीट काढून हाताच्या टाक्यांचं काम बघायला गेलात, आणि ज्या बाईने आयुष्यभर ते केलं ती शेजारच्या खोलीत बसलेली असते. तिची वाकळ कधी उलटी करून बघितली आहेत का? ना कच्चे टाके घालायला टेबल, ना फ्रेम, ना रिंग, जमिनीवर लुगडी अंथरायची, कडेला जड काहीतरी ठेवायचं आणि दोरे भरत जायचं. आतली लुगडी सरकत कशी नाहीत? चुणी कशी पडत नाही? जाडी सगळीकडे सारखी कशी राहते? हे प्रश्न तुम्ही व्हिडिओवाल्यांना विचारता, यांना विचारा.

आणि ती कपाटात पडलेली अर्धी डबल बेडची क्विल्ट बाजूला राहू दे सध्या. छोटं काढा. साडेसहा इंचाचे ३६ चौकोन कापा, सहा ओळी सहा चौकोन, पाव इंच शिवण जाऊन बरोबर ३६ इंचाचं दुपटं होतं. वरचं तुम्ही मशीनवर जोडा, कपाटातल्या नव्या कापडाचं. आत बॅटिंग, म्हणजे मधला जाड मऊ थर, नको, आपल्याकडच्या हवेत त्याची गरज नाही, मऊ झालेली सुती साडी दोन पदरी घाला, खाली अस्तरालाही सासूबाईंचीच एखादी जुनी साडी, त्यांना विचारून. मग तिन्ही थर टाचून त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, आई, धावदोरा तुम्ही घाला, मला तुमच्यासारखा येत नाही. ७८ वर्षांच्या बाईला जमिनीवर बसवू नका, जेवणाच्या टेबलावर उजेडाला बसवा, आणि सकाळी कामाला निघायच्या आधी दहा सुया ओवून पिनकुशनला टोचून ठेवा. या वयात हात चालतात, सुईचं भोक दिसत नाही, आणि कितीतरी बायकांचं शिवणं केवळ तेवढ्यासाठी थांबलेलं असतं. त्यांचे टाके तुमच्या चौकोनांच्या रेघा ओलांडून जातील, तिरके जातील, जाऊ देत. नको म्हणाल्या तर आग्रह करू नका, तुम्हीच त्यांच्यासमोर बसून शिवा. शिवणारी बाई दुसरीचा हात चुकताना फार वेळ गप्प राहून बघू शकत नाही, असा माझा अनुभव आहे.

एक सावधगिरी, ज्यांनी ज्यांनी नव्या-जुन्याची अशी मिसळ करायची ठरवलीये त्या सगळ्यांसाठी. जुनी साडी शंभर वेळा धुतलेली असते, तिला जे आकसायचं ते आकसून झालंय, नवं सुती कापड मात्र पहिल्या धुण्यात आकसतं आणि मग सगळीकडे सुरकुत्या. म्हणून नवं कापड आधी धुवायचं, मगच कापायचं. लाल आणि नीळ तर नक्कीच, कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचं, मग ओला कपडा पांढऱ्या फडक्यावर पसरून वाळू द्यायचा, फडक्याला रंग लागला तर परत धुवायचं, लागतच राहिला तर ते कापड या कामाला घ्यायचंच नाही. आणि तयार झालेली वस्तू पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, खाडीकडच्या आपल्या दमट हवेत बुरशी धरते. जुन्या सुती चादरीत गुंडाळा आणि ऊन पडलं की बाहेर काढा.

विकण्याचं म्हणाल तर, आत्ता नको. डबल बेडच्या हाताने भरलेल्या क्विल्टला माझ्या हिशोबाने शंभर तास तरी जातात. तासाला शंभर रुपये धरले तरी दहा हजार नुसती मजुरी, वर कापड. एवढे देणारं गिऱ्हाईक मिळतं, नाही असं नाही, पण मग रंग त्याचा, माप त्याचं, तारीख त्याची. ज्यांना पैसे हवेच आहेत त्यांनी जरूर करावं, सुरुवात टेबलवरच्या पट्ट्या, पाऊच अशा छोट्या वस्तूंनी करावी. तुम्हाला नोकरीत तारखा कमी आहेत का?

राहिलं चेन्नई. तिथे २०१९ मध्ये इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल भरलं होतं, आपल्या देशातल्या बायका काय काय करतायत ते एका छताखाली बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे आणि मैत्रिणींबरोबर तीन दिवस कापडावर बोलत राहणं ही त्याहून मोठी. पैसे वेगळे काढलेले असतील, कर्ज नसेल, तर जा, आणि नवऱ्याकडे परवानगी मागत नाही तर बातमी देतेय अशा आवाजात सांगा. फक्त जायच्या आधी ते दुपटं पूर्ण करा, गोट लावून, मागच्या कोपऱ्यात दोघींची नावं आणि साल दोऱ्याने घालून. ते बरोबर न्या. कोणी काही म्हणालं तर ते पूर्ण झालेल्या कामाबद्दल असेल, आणि तशी टीका ऐकायला सोपी जाते. खरेदीसाठी दोन हजार रोख वेगळे ठेवा आणि कार्ड मैत्रिणीच्या पर्समध्ये टाका.

पैशाची ओढाताण असेल तर यावेळी जाऊ नका, काही बिघडत नाही. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला मुंबईत काळा घोडा कलामहोत्सव असतो, तिथूनच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं वस्त्रांचं दालन बघता येतं. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात बचत गटांच्या बायका येतात तेव्हा त्यांच्यात गोधडीवाली शोधा. आणि बेलापूरचं अर्बन हाट, हस्तकलेचा बाजार, तर तुमच्या दारात आहे. तिथे हस्तकलेचा मेळा लागलाय का बघा, बंगालचं कांथा, बिहारची सुजनी, कच्छचं गोधडीकाम यातलं काहीतरी दिसलं तर त्या स्टॉलवरच्या बाईशी बसून बोला. कांथा म्हणजेही जुन्या साड्यांचे थर आणि धावदोराच, पूर्वी त्यासाठीचा दोरा साडीच्या काठातून उसवून काढायचे. हे ऐकून सासूबाई काय म्हणतात ते मला खरंच कळवा.

त्यांनाच घेऊन जा ना बेलापूरला, आधी. ऐरोलीहून पनवेल गाडी धरली की मधे बदलायची गरज नाही, आणि शनिवारी अकराच्या सुमाराला गर्दी ओसरलेली असते, आईंना खिडकी मिळेल.